एक गुण कमी

“बाबा, ठोकळे कार्डासारखेच लावायचे. कार्ड फिरवायचं नाही.”

“मी कुठे फिरवतोय? तेच तिरकं छापलंय,” सासरे म्हणाले.

लग्नानंतर सूनबाईंनी पुन्हा कॉलेज धरलं आणि मानसशास्त्र घेतलं, तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नव्हती. प्रयोग आपल्यावरच होणार हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. परीक्षा बुद्धीची होती: लाल-पांढरे ठोकळे जुळवून कार्डावरची नक्षी करायची, वेळेत जमली की एक गुण, अशी पंचवीस कार्डं. पंधरा दिवसांनी तीच परीक्षा त्याच माणसांनी पुन्हा द्यायची. दोन्ही वेळचे गुण जवळपास सारखे आले तर परीक्षा भरवशाची. तोच भोपळा रोज वेगळा भरला तर दोष तागडीचा, इतकं ते सोपं होतं. मागच्या वर्षी सूनबाई याच प्रात्यक्षिकात नापास झाल्या होत्या. यंदाही गाडी अडली तर पदवीवर पाणी सोडावं लागणार होतं.

गुण सांगायचे नसतात, असा नियम आहे. सासरे मात्र जन्मभर हेडक्लार्क होते, त्यामुळे समोरच्याचा कागद उलटा वाचायची त्यांना सवय होती.

“चौदा,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं. “ये गं, आता तू बस.”

सासूबाई हात पुसत आल्या, बसल्या आणि त्यांना तेरा मिळाले. “माझं डोकं काय चालणार यात,” म्हणून उठल्या. सासऱ्यांना बरं वाटलं, पण चौदा हा आकडा त्यांना रात्रंदिवस टोचत राहिला. सूनबाईंनी ठोकळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. सासऱ्यांनी सुताराकडून तसेच ठोकळे करून आणले, गॅलरीत बसून रंगवले, आणि फरशी, बनियन, चष्म्याची काडी लाल करून सराव सुरू केला.

दुसऱ्या खेपेला ते शड्डू ठोकल्यासारखे बसले, त्यांनी तेवीस मिळवले आणि तेही स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केले. सूनबाईंचं तोंड उतरलं. निदान सासूबाई तरी तेराच्या आसपास राहतील, या आशेवर त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला.

सासूबाईंना बावीस मिळाले.

“थोडक्यात हुकलं तुझं,” सासरे उदारपणे म्हणाले आणि शेजाऱ्यांना आकडा सांगायला निघून गेले.

“आई, तुम्ही तर मधल्या पंधरा दिवसांत ठोकळ्यांना हातही लावला नव्हता. नऊ गुण वाढले कसे?”

“त्यांचे वाढले ना.” सासूबाईंनी भाजी चिरायला घेतली. “मग मला नको वाढवायला? तेरावरच राहिले असते तर म्हणाले असते, हिचं काही खरं नाही. मी पुढे गेले असते तर हे आठवडाभर जेवताना बोलले नसते. एक कमी बरा पडतो.”

सूनबाई सुन्न झाल्या. “म्हणजे तुम्हाला सगळी येत होती?”

“न यायला काय झालं? तुला किती हवेत ते आधी सांगायचंस, तेवढे पाडले असते.”

“उद्या वही द्यायची आहे, आई. मी आता लिहू काय?”

“खरं लिही. दोन्ही वेळा एक कमी. याहून भरवशाचं काय असतं?”

सूनबाईंनी बराच वेळ पेन चावलं. मग जे घडलं ते सगळं लिहून काढलं आणि खाली निष्कर्ष दिला: आईंच्या बाबतीत परीक्षा अत्यंत भरवशाची ठरली, फक्त ती बुद्धी मोजत नव्हती. हे लिहिल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. आपण पास होणार, अशी खात्रीही वाटली.

तेवढ्यात त्यांचा नवरा कामावरून आला. टेबलावरचे ठोकळे पाहून त्यालाही चेव आला. त्याने बूटही न काढता परीक्षा दिली आणि एकोणीस मिळवले.

“पहिल्याच झटक्यात,” तो खुशीत म्हणाला. “कॉलेजात तुमचीही घेतली असेल ना? तुला किती होते गं?”

कॉलेजात सूनबाईंना पंचवीस मिळाले होते, आणि बाईंनी तो कागद वर्गभर फिरवला होता.

“अठरा,” सूनबाई म्हणाल्या.