सर्वानुमते सपाट

माणसाची खरी योग्यता तो दुसऱ्याकडून काय करून घेतो यावर ठरत नाही, तो स्वतःच्या हाताने काय बिघडवून ठेवतो यावर ठरते. या कसोटीवर आमच्या उपनगराची योग्यता फार वरची आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

मॉन्ट्रियलच्या उत्तरेला, नदी ओलांडली की आमचं उपनगर लागतं. इथली माणसं वर्षातले पाच-सहा महिने अंगणातला बर्फ फावड्याने उपसतात आणि उरलेल्या दिवसांत त्याच अंगणात पाणी भरतात. प्रत्येक घरामागे जमिनीवर उभा केलेला एक गोल तलाव असतो: पत्र्याची भिंत, आत निळं अस्तर, बाजूला शिडी. ज्याच्या घरामागे तो नाही त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. हळू आवाजात बोलतात, एवढंच.

आमच्या गल्लीच्या पाहणीनुसार (पाहणी मी ओट्यावर खुर्ची टाकून केली) दहांपैकी नऊ घरांत तलाव आहे. नऊही जणांनी तो स्वतः बसवला. नऊही जणांना बसवताना काडीची अडचण आली नाही. त्यांच्या बायकांकडचा आकडा याच्याशी जुळत नाही, म्हणून तो पाहणीतून वगळला आहे.

दहावं घर आमचं. तसा मी बिनतलावाचा सुखात होतो. पण नाताळच्या जेवणात माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आल्बर्टीनबाईंनी, टर्कीची तंगडी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "या सँ-जाँला मला पाण्यात पाय घालायचेत."

सँ-जाँ म्हणजे चोवीस जून, आमचा मोठा सण. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे. लहानपण नदीकाठी गेलेलं. गेली दोन वर्षं त्या आमच्या तळमजल्यावर राहतात आणि खिडकीतून अंगणाकडे बघत बसतात.

"आई, माझ्याकडे ये की!" नॉर्मां म्हणाला. नॉर्मां हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याचा तलाव बारा वर्षांपूर्वीचा.

"तुझं पाणी बर्फासारखं," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाय घातले रे घातले की तू तो तलाव कसा बांधलास ते सांगायला बसतोस. पाय सुकतात तरी तुझं संपत नाही." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "काय जावईबापू, जमेल का?"

तीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. 'जावईबापू' म्हणतात, आणि त्यातल्या 'बापू'वर जरा जास्तच जोर देतात. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, तुमचे पाय पाण्यात पडलेच म्हणून समजा." हे वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं, याची नोंद वाचकांनी घ्यावी.

मे महिन्यात तलाव खोक्यांतून आला. माझी बायको ओडेट म्हणाली, "ते बसवणारे असतात ना, त्यांना बोलव. दोन माणसं येतात, दिवसभरात करून जातात. नंतर कुणी कुणाशी अबोलाही धरत नाही."

"घरचं काम घरच्यांनी करावं," मी म्हणालो.

"म्हणजे नॉर्मां येणार," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

आमच्याकडे अशा कामाला इर्जिक घालतात. मजुरी द्यायची नाही, पिझ्झा आणि बिअर द्यायची. (मजुरीहून महाग पडतं, पण उपकार फिटत नाहीत, हा फायदा.) त्यानुसार शनिवारी सकाळी समिती हजर झाली. थोरले मेहुणे नॉर्मां, कारण त्यांना अनुभव. धाकटे मेहुणे इव्हाँ, कारण त्यांच्याकडे फोन. आणि माझा साडू गेताँ, कारण त्याच्या बायकोला त्या दिवशी घरात झाडलोट करायची होती. मी निमंत्रक आणि जागामालक या नात्याने मताचा अधिकार राखून होतो.

तलावाबरोबर माहितीपुस्तिका होती. तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की जमीन सपाट हवी, आणि उंचवटा असेल तर तो उकरून काढावा. सखल बाजूला माती भरू नये, भरलेली माती खचते. आम्ही पुस्तिका दुसऱ्या पानापासून वाचली. पहिलं पान सगळीकडे सारखंच असतं, असं नॉर्मांचं मत पडलं.

आमचं अंगण घरापासून शेजाऱ्यांच्या सीडरच्या झाडांकडे उतरतं. फार नाही, पण चेंडू सोडला तर तो परत येत नाही.

"भावजी, उकरायचं कशाला?" नॉर्मां म्हणाला. "उकरणं म्हणजे निसर्गाशी भांडण. तिकडच्या बाजूला माती टाका, वर वाळू. भरणं हे उकरण्यापेक्षा कधीही सोपं!"

यात तथ्य होतं. भरणं खरोखरच सोपं गेलं. समितीच्या कमरांनी एकमुखाने पाठिंबा दिला.

मग सपाटी तपासायच्या पाणसळी निघाल्या. आमच्याकडे कुठलाही पुरुष स्वतःच्या पाणसळीशिवाय इर्जिकेला जात नाही, आणि दुसऱ्याच्या पाणसळीवर विश्वास ठेवत नाही. नॉर्मांची लांब, पिवळी पाणसळ म्हणाली, जमीन घराकडे उतरते. इव्हाँचा फोन म्हणाला, रस्त्याकडे उतरते. (फोनच्या कव्हराला मागे टेंगूळ होतं, पण फोन नवा होता.) माझी पाणसळ म्हणाली की सीडरकडे उतरते, आणि चांगलीच उतरते. गेताँची पाणसळ त्याच्या वडिलांची होती. तिच्यातला बुडबुडा, जमीन कशीही असो, मध्यभागी राहायचा. गेताँने ती घराच्या भिंतीवर तिरपी धरून दाखवली, तरी बुडबुडा मध्यभागी. इतकं स्थिर वागणं समितीने आजवर पाहिलं नव्हतं. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

आता चार उत्तरांपैकी एक निवडायचं म्हणजे तिघांना खोटं पाडायचं. आमच्या बायका बहिणी-बहिणी, जावा-जावा, नणंदा-भावजया, सँ-जाँ तोंडावर. आमच्या प्रांतात मोठे प्रश्न मतदानाने सोडवायची परंपरा आहे. निकाल केसाच्या अंतराने हुकतो आणि पुढे तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर चघळला जातो. तसं होऊ नये म्हणून आम्ही आधीच एकमत करायचं ठरवलं.

ठराव असा: 'सदर जमीन सपाट आहे.' सूचक नॉर्मां, अनुमोदक गेताँ. चार हात वर गेले. चौथा माझा होता. तेवढ्यात पिझ्झाही आला होता.

भिंत उभी करण्याचं वर्णन मी करणार नाही. वारा नसलेला दिवस निवडा, असं पुस्तिका म्हणत होती (तिसरं पान). पत्र्याचं वेटोळं उलगडताना वारा आला आणि इव्हाँ भिंतीसकट सीडरपर्यंत जाऊन परत आला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने ती कधीच सोडली नव्हती, आणि ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत भिंत, खांब, अस्तर सगळं जागेवर बसलं. नळी सोडली. तलाव भरायला दोन दिवस लागतात.

पाणी मतदानाला हजर नव्हतं, आणि ठरावाची प्रतही त्याला मिळाली नव्हती. दोन दिवसांनी पाहतो तो घराच्या बाजूला ते काठापासून चांगलं वीतभर खाली, आणि सीडरच्या बाजूला काठाला टेकलेलं.

मी नॉर्मांला फोन केला. "नवं पाणी आहे," तो म्हणाला. "जरा अवघडलेलं असतं. बसेल."

पाणी बसलं नाही. समिती पुन्हा बसली. तलावाला कुंपण घालणं कायद्याने सक्तीचं आहे (जमीन सपाट असणं सक्तीचं नाही), आणि शिडीपाशी लाकडी ओटा तर हवाच. ही दोन्ही कामं करताना माप कशावरून घ्यायचं, असा प्रश्न निघाला. जमिनीवरून घ्यावं तर तलावाचा अपमान. तेव्हा तलावाच्या काठावरून घेतलं. कुंपण काठाशी समांतर, ओटा काठाशी समांतर. टेबलाचे दोन पायही नॉर्मांने कापून समांतर केले. काम इतकं चोख झालं की अंगणात आता सगळं सरळ दिसत होतं. फक्त पाणी तेवढं तिरकं होतं.

ओट्यावर उभा राहिलेला माणूस बोलता बोलता सीडरकडे चालायला लागे. बिअरची बाटली टेबलावर ठेवली की धरून ठेवावी लागे. पण आम्ही चौघेही उभं राहताना मान थोडी कलती ठेवायला शिकलो, आणि मग काही वाटेनासं झालं.

"रेजाँ, हा तिरका आहे," ओडेट म्हणाली. रेजाँ म्हणजे मी.

"तलाव नाही गं. पाणी."

"पाणी कधी तिरकं असतं का?"

"तुझ्या भावाला विचार."

"त्याला काय विचारायचं? मी त्याच्याबरोबरच मोठी झालेय." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "आई उतरणार आहे रे त्यात."

मी जाऊन पाहिलं. सीडरच्या बाजूला भरलेली माती खचली होती आणि तिथे भिंतीला पोट सुटलं होतं. मी त्यावर हात ठेवला. मलाही सुटलंय, आणि मी तरी कुठे पडलोय, असा विचार करून परत आलो.

चोवीस जूनला सगळं गणगोत जमलं. निळे-पांढरे झेंडे, गाणी, हॉट डॉग, मॅकरोनीचं सॅलड. नॉर्मां पाहुण्यांना ओटा दाखवत होता. सासूबाई निळा पोहण्याचा पोशाख आणि रबरी फुलांची टोपी घालून बाहेर आल्या. ती टोपी त्यांनी हिवाळाभर उशाशी ठेवली होती, हे मला ओडेटने नंतर सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी एका हाताने माझा दंड धरला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

त्यांचा हात हलका होता, पाखरासारखा. मी पलीकडच्या बाजूचं ते पोट पाहिलं. सकाळपेक्षा वाढलं होतं. मला भीती वाटली. आयुष्यात मेहुण्यांची सोडून दुसरी कसली एवढी भीती वाटलेली आठवत नाही.

"आई, खाली उतरा," मी म्हणालो. "तलाव तिरका आहे."

गाणं चालू होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"तिरका. आम्ही मतदान केलं होतं."

समितीने माझ्याकडे पाहिलं. फितुराकडे बघतात तसं. सासूबाईंनी पाय मागे घेतला आणि अंगणाच्या टोकाला मेपलखाली खुर्ची होती तिथे जाऊन बसल्या. टोपी काढली नाही. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिरका?" नॉर्मां गरजला. "भावजी, बारा वर्षांचा अनुभव आहे मला! तिरका म्हणे! अरे खडक आहे, खडक!" आणि तो सीडरच्या बाजूला गेला आणि त्याने त्या पोटावर पंजा मारला.

शिवण उसवावी तशी भिंत वरून खाली उघडली. पाणी बाहेर पडलं, टेबल, सॅलड आणि नॉर्मां यांना बरोबर घेऊन. कुंपण तलावाशी समांतर होतं, त्यामुळे तलाव आडवा झाल्यावर तेही आडवं झालं. नॉर्मां सीडरमध्ये सापडला. त्याला काहीही झालं नव्हतं. (तोंडात पाला होता, म्हणून काही काळ शांतता लाभली.)

मी मेपलकडे धावलो. अंगणभर पसरत तिथे पोचेपर्यंत पाण्याचा राग उतरला होता. सासूबाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या, आणि पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत होतं. एक हॉट डॉग तरंगत शेजारून गेला. त्यांनी पायाची बोटं हलवली.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या. "नॉर्मांकडे कधी असं नसतं." मग वर न बघता म्हणाल्या, "रेजाँ, उभा काय राहिलायस? बस. पाय घाल. जाईल ते आत्ता."

मी बसलो. पाणी हळूहळू शेजाऱ्यांकडे गेलं. आम्ही दोघं ते पूर्ण जाईपर्यंत बसून होतो, आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चौकशी झाली. निष्कर्ष असे: तलाव चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत उत्तम उभा होता. दुपारी एका सदस्याने 'तिरका' हा शब्द मोठ्याने उच्चारला. त्यानंतर लगेच तलाव पडला. सबब, तलाव सदर सदस्याच्या अविश्वासामुळे पडला. सूचक नॉर्मां, अनुमोदक गेताँ. पुढच्या वर्षी हेच काम याच समितीने करावं, कारण आता तिला अनुभव आहे, असंही ठरलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. हो, माझाही हात वर होता. समोर तिघंजण ओले कपडे बदलून माझेच पायजमे घालून बसलेले असताना वाद घालायला जीभ वळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! जरूर म्हणा. पण मागे कधीतरी तुमच्या घरात, कचेरीत किंवा सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी मिळून बुडबुडा मध्यभागी आहे असं ठरवलं, तेव्हा तुमचा हात खाली होता का, एवढं फक्त आठवून पाहा. घाई नाही. तलाव भरायला दोन दिवस लागतात.