सहा मिलिमीटरची शिकार

रविवारी सकाळी सुहास ओव्हाळ अंगणात दाढी करत असताना अमेरिकेहून जावयाचा फोन आला. हरणाच्या शिकारीसाठी बारीक नळीची रायफल घ्यायची तर कुठली घ्यावी आणि तिच्यात गोळी कुठली घालावी, असं जावई विचारत होता.

कार्ल्यात राहणाऱ्या आणि कामशेतजवळच्या एका कारखान्यात नटबोल्टांचं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारावा असं काही कारण नव्हतं. पण ते कारण सुहासनंच पैदा करून ठेवलं होतं. सृष्टीला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे संपले, हवापाण्याच्या गप्पा संपल्या आणि बैठकीत अशी शांतता पसरली, की मुलीचा बाप म्हणून काहीतरी बोलणं त्याला भाग पडलं. तरुणपणी तिकोणा पेठेच्या मागच्या रानात आपण एका गोळीत सांबर आडवं केल्याचं त्यानं सांगून टाकलं. पाहुणे सरसावून बसले. लग्न जमलं. आडवं झालेलं सांबर मात्र जावयाच्या डोक्यात कायमचं उभं राहिलं. खरं म्हणजे सुहासनं जन्मात एकदाच बंदूक हातात धरली होती, तीही जत्रेत फुगे फोडायला. त्यात एक फुगा फुटला, पण तो उन्हानं फुटला, असं त्याच्या बायकोचं, अमृताचं, ठाम मत होतं.

जावई राहत होता त्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात परवाना काढून हरणं मारायची रीतच होती. ऑफिसातली मंडळी जाणार होती. जावयाची अंगकाठी मात्र तोळामासा, त्यामुळे बंदुकीचा धक्का खांद्याला सोसेल अशी बारीक नळीची रायफल त्याला हवी होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा रे, दुकानदाराला विचार. सुहास म्हणाला, "मला जरा सवड द्या, जावईबापू. ही घाईत सांगायची गोष्ट नाही."

त्या दिवसापासून सुहास मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ बघायला लागला. जेवताना बघे, बसमध्ये बघे, स्टोअरमध्ये माल देताना बघे. त्यातलं इंग्रजी त्याला निम्मंच कळे, पण मापं सगळी कळत. दोनशे त्रेचाळीस नंबरची रायफल म्हणजे सहा मिलिमीटरची गोळी, हे समजल्यावर तर त्याला आपल्याच खात्यातला माणूस भेटल्यासारखं झालं. सहा मिलिमीटरच्या बोल्टांचे खोकेच्या खोके त्याच्या फळीवर पडलेले असत. त्याहून बारीक गोळीनं हरीण नुसतं जखमी होऊन पळतं, म्हणून तिथल्या काही राज्यांत ती चालत नाही. त्याहून जाड घेतली तर जावयाचा खांदा निखळायचा. गोळी वजनाला शंभर ग्रेन असावी, फार हलकी असली तर कातडीवरच फुटते, एवढंही त्यानं पाठ केलं. ग्रेन म्हणजे काय ते अमृतानं विचारलं, तेव्हा त्यानं हिशेब करून सांगितलं, की एक गोळी अर्ध्या तोळ्याच्या वर भरते.

"एका हरणामागं अर्धा तोळा?" अमृता म्हणाली. "माझी कुडीसुद्धा एवढी भरत नाही."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण कारखान्यात आयुष्य गेल्यानं सुहासला थोडं कमी ऐकू येई, आणि अमेरिका लांब आहे या समजुतीनं तो जावयाशी दुप्पट मोठ्यानं बोले. गुरुवारी संध्याकाळी तो फाट्यावर, भिकाजीच्या टपरीसमोर बसमधून उतरला आणि तेवढ्यात जावयाचा फोन आला. भातकापणीचे दिवस. टपरीवर शेतातून परतलेली माणसं चहा पीत होती. त्यांच्या समोर उभं राहून सुहासनं जावयाला सांगितलं, की सहा मिलिमीटरचीच घ्या, आवाज कमी आणि मांस वाया जात नाही. हरीण कुशीची बाजू समोर करून उभं राहीपर्यंत दम धरा, मग पुढच्या पायाच्या मागं, छातीत घाला. पुन्हा उठायचं नाही. फोन ठेवून तो वळला तेव्हा टपरीवर कुणी चहा पीत नव्हतं. भिकाजीनं त्याला न मागता खारी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजी आबा दारात हजर. आबांचं भात डोंगराच्या कडेला होतं आणि रानडुकरांनी त्याचा चिखल केला होता. ओट्यावर टेकून त्यांनी आधी सृष्टीची खुशाली विचारली, मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"सुहासभाऊ, तुमी हरणाला न्हेम लावताय म्हनं. लावा. आमी कुटं बोलायचं न्हाई. पर येकदा माज्या खाचरात या. डुकरानं लय वाट लावलीय बगा."

आबा, माझ्याकडं बंदूक नाही, एवढं एकच वाक्य त्या वेळी बोलायचं होतं. ते सुहासच्या ओठापर्यंत आलंही. पण या गावात आजवर त्याच्याकडं कुणी असं आशेनं बघितलं नव्हतं. बघत असत ते अमृताकडं, कारण बचत गट ती चालवायची. तो म्हणाला, की आबा, डुकराला ही गोळी लहान पडेल. वाक्य खरं होतं. पण आबांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले, की सुहासभाऊकडं हरणाची बंदूक हाय, डुकराची अजून यायचीय.

शनिवारी दुपारी घरापुढं मोठी पांढरी गाडी थांबली. आत तुंगार्लीतल्या एका बंगल्याचे मालक होते. त्यांच्याकडं पुढच्या आठवड्यात मुंबईचे पाहुणे यायचे होते, आणि त्या पाहुण्यांना कोंबडी, मटण, पनीर या सगळ्याचा कंटाळा आला होता. काहीतरी रानातलं मिळालं तर बरं, असं ते म्हणाले. निसर्गावर आपलं फार प्रेम आहे, म्हणूनच लोणावळ्यात बंगला घेतला, हेही त्यांनी सांगितलं. सुहासला घाम फुटला. पण तोंडाला सवय लागलेली. तो म्हणून गेला, की अजून सीझन सुरू व्हायचाय. मालकांनी हात जोडले. सीझन पाळणारा शिकारी त्यांनी प्रथमच पाहिला होता.

त्याच संध्याकाळी वनखात्याची जीप आली. वनरक्षक रेणुका मॅडम पंचविशीतल्या, शांत, आणि शांत असल्यामुळेच जास्त भीती वाटावी अशा. बरोबर दोन शिपाई. कुंपणाबाहेर भिकाजीपासून अंबाजी आबांपर्यंत सगळा फाटा गोळा झाला. शिपायांनी माळा बघितला, पलंगाखाली बघितलं, पिठाचा डबासुद्धा हलवून बघितला. सापडले ते स्टोअरमधून कधीतरी खिशात राहून आलेले मूठभर बोल्ट, सहा मिलिमीटरचे.

सुहासनं हात जोडून सगळं सांगितलं. हरीण अमेरिकेतलं, बंदूक अमेरिकेतली, ती घेणाराही अमेरिकेत, आपण फक्त सल्लागार. रेणुका मॅडम म्हणाल्या, जावयाला फोन लावा. व्हिडिओ लावला. तिकडं सकाळ होती, जावई दात घासत होता. पडद्यावर सासऱ्याशेजारी खाकी वर्दी बघितल्याबरोबर तोंडातला ब्रश तसाच राहिला. मॅडमनी विचारलं, की हे तुम्हाला बंदुकीबद्दल माहिती देतात हे खरं का? सासऱ्यांची बाजू भक्कम करायची या एकाच हेतूनं जावई म्हणाला, "हो मॅडम. पप्पांना फार अनुभव आहे. त्यांनी तिकोण्याच्या मागं एका गोळीत सांबर मारलंय."

रेणुका मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"कुठल्या साली मारलं, काका?"

सुहासनं मॅडमकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं. एकीकडं तुरुंग होता. दुसरीकडं जावई होता, डोळे विस्फारलेला, आणि त्याच्या खांद्यावरून आता सृष्टीही डोकावत होती. कुठलाही शहाणा माणूस इथं क्षणभरही थांबला नसता. सुहास थांबला. इतका थांबला, की अमृताला पुढं यावं लागलं.

"मॅडम, ह्यांना घरातला उंदीर मारवत नाही," ती म्हणाली. "पिंजऱ्यात सापडला तर शेजारच्या गावात सोडून येतात."

"खरं का, काका?"

"खरं," सुहास जमिनीकडं बघत म्हणाला. "सांबर मी फक्त बघितलंय. तेही पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात."

मॅडमनी हसू दाबलं की खोकला, ते कळलं नाही. त्यांनी समज दिली, की पुन्हा टपरीवर असलं बोलू नका. मग जीप गेली. सुहासला वाटलं, आता गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. पण दुसऱ्या दिवशी फाट्यावर त्याला पाहताच लोकांनी बाकावर जागा करून दिली. वनखात्यानं घर उलथंपालथं केलं आणि तरी बंदूक सापडली नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, की माणूस पोचलेला आहे. अंबाजी आबांनी तर डोळा बारीक करून नुसती मान हलवली. सुहासनं आपल्याकडं बंदूक नसल्याचं शपथेवर सांगितलं. ते ऐकून लोकांचा आदर आणखीच वाढला.

तोंड चुकवायचं होतं ते जावयाला. पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तो घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. अमृतानं तो उचलून त्याच्या कानाला लावला.

"पप्पा, एक सांगू?" जावई म्हणाला. "मला बंदूक घ्यायचीच नव्हती. मला रक्त बघवत नाही. सृष्टी म्हणते, पप्पांशी बोलत जा, त्यांना एकटं वाटतं. पण बोलायचं कशावर, तेच कळेना. तुमचं सांबर तेवढं आठवलं."

सुहासनं तिकडं थंडी पडली का विचारलं. पडली होती. तिकडून भातकापणी झाली का म्हणून विचारणा झाली. झाली होती. मग पुन्हा शांतता पसरली, बघण्याच्या कार्यक्रमात पसरली होती त्याहून लांब.

"पप्पा," शेवटी जावई चाचरत म्हणाला, "ऑफिसातले लोक मासे धरायलाही जातात. गळ केवढा घ्यावा?"

सुहास ताठ बसला. "गळाचं नंतर बघू. आधी पाणी कसलंय ते सांगा," त्याचा आवाज चढत चालला. "आम्ही पवनेच्या धरणात एकदा मध्यरात्री—"

अमृतानं हातातलं काम टाकलं आणि आधी पुढचं दार लावून घेतलं, मग एकेक करून सगळ्या खिडक्या.