नलूताईंची पट्टी

माझा आवाज पेटीच्या पांढरी एकचा आहे. हे मी कुणाला विचारायला गेलो नव्हतो, नलूताईंनीच सांगितलं. बाजारातल्या मासेवालीपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत महाडात प्रत्येकाला त्यांनी ज्याची त्याची पट्टी न विचारता सांगून ठेवली आहे. एकदा डेपोत कंडक्टरशी माझी जुंपली, तर मागून शांतपणे म्हणाल्या, "रशीद सर, काळी तीनमध्ये भांडू नका. घसा जाईल." कंडक्टरला हसू आलं आणि भांडण तिथंच संपलं.

आम्ही एकाच शाळेत शिक्षक होतो. मी चित्रकलेला, त्या संगीताला. मुलींना त्या मैदानाच्या पार टोकाला उभं करून गायला लावत. माइकला 'आळशाची काठी' म्हणत. निवृत्तीनंतर गावच्या नाट्यगृहाचा कारभार त्यांच्याकडे आला. पहिल्याच कार्यक्रमात शेवटच्या रांगेतून त्यांनी पाहुण्यांना मध्येच थांबवलं आणि ऐकू येत नाही म्हणून भाषण पहिल्यापासून करायला लावलं. पाहुण्यांनी निमूटपणे केलं.

ताई मूळच्या पोलादपूरकडच्या. तरुणपणी मुंबईच्या एका संगीत नाटक मंडळीत नायिका होत्या. मग इकडे आईला अर्धांगवायू झाला. चार दिवसांची रजा काढून आल्या आणि अकरा वर्षं आईच्या अंथरुणाशी राहिल्या. मंडळीनं काही महिने वाट पाहिली, मग दुसरी नायिका घेतली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पेपर तपासता तपासता, मान वर न करता.

नाट्यगृहात त्यांनी कव्वाली आणली, कोकणातले नमन-खेळे आणले, व्याख्यानं आणली. संगीत नाटक तेवढं कधी आणलं नाही. कुणी विषय काढला की पडदा फाटलाय म्हणत. नवा पडदा आला, तेव्हा विंगेला वाळवी लागली. शेवटी गेल्या हिवाळ्यात नाट्यगृहाच्या समितीनं परस्पर एक संगीत नाटक ठरवलं. नेमकं ताई ज्यात गायच्या तेच.

ताई चिडल्या नाहीत. रविवारी दुपारचा प्रयोग होता, सकाळपासून राबल्या. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीसाठी घरून आल्याचा काढा आणला. पण पडदा वर गेला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. तिसरा अंक लागला तरी रिकामीच. मी उठून विंगेत गेलो.

ताई अंधारात उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नायकाचं वाक्य संपलं, नायिकेनं प्रवेश करायची वेळ झाली, आणि ताईंनी पदर सावरून एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात ती मुलगी त्यांच्या शेजारून रंगमंचावर गेली. ताई क्षणभर तशाच राहिल्या. मग हळूच पाऊल मागं घेतलं.

प्रयोगानंतर मुलगी त्यांच्या पाया पडली, काय चुकलं ते सांगा म्हणाली. मला वाटलं, आता हिची तासभर सुटका नाही. इतक्या वर्षांत ताईंच्या तोंडून मी गावची बोली कधी ऐकली नव्हती.

"काय चुकला नाय गो," त्या म्हणाल्या. "आई बरी हाय ना तुझी?"

मुलगी गोंधळली. बरी आहे म्हणाली. ताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

नाटकवाल्यांची बस महामार्गाकडे वळली. घरी सोडू का, असं मी ताईंना विचारलं.

"जरा बसू या इथंच," त्या म्हणाल्या. "घरी आता कोण आहे?"