सर्व्हरमागे वाळत घातलेला शर्ट

मुख्य कचेरीचे पाहुणे यायच्या ऐन सकाळी सर्व्हरसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर चहाचा अख्खा कप उपडा झाला. सर्व्हरसाहेब हे ऑफिसनं त्यांना दिलेलं नाव. कंपनीचे सर्व्हर ज्या थंडगार खोलीत घरघरत, तिची किल्ली फक्त यांच्याकडे. झाडणाऱ्या बाईंचं ओलं फडकंसुद्धा ते उंबऱ्याबाहेर ठेवायला लावत. आणि आता याच गृहस्थांनी शर्ट बेसिनमध्ये चोळून पिळला, खोलीत शिरून आतून कडी घातली, सर्व्हरच्या कपाटाचं मागचं जाळीचं दार उघडलं, त्यावर शर्ट आतून पसरला आणि दार लावून घेतलं. यंत्रांची गरम हवा तिथूनच बाहेर पडते. शर्ट झटक्यात वाळेल, इस्त्रीचं कामही परस्पर होईल, असा हिशोब करून ते बनियनवर हाताची घडी घालून उभे राहिले.

आता गंमत बघा. पाहुणे येणार होते ते सर्व्हरसाहेबांनीच बसवलेली नवी व्यवस्था पाहायला. यंत्र किती तापलं, पंखे किती जोरात फिरताहेत, कुठलं दार कधी उघडलं, हे सगळं सेन्सर टिपणार आणि आपोआप नोंदवून ठेवणार. सगळ्या शाखांत ही व्यवस्था बसवायची की नाही, ते आज ठरायचं होतं. “माणूस खोटं बोलेल, नोंद बोलणार नाही,” असं सर्व्हरसाहेब महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होते.

ओल्या कापडानं जाळी गच्च बुजली. हवा कोंडली, यंत्रं तापली, पंखे जीव खाऊन फिरू लागले. तिकडे बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावरचे हिरवे दिवे पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पिवळे आणि मग लालभडक झाले. इकडे पंख्यांचा आवाज चढताच सर्व्हरसाहेबांनी मागचं दार उघडून शर्ट ओढून काढला आणि तसाच दमट अंगात चढवला. कडी काढतात तर दारात मॅनेजर, आणि त्यांच्यामागे झाडून सगळे पाहुणे.

काय झालं, असं मॅनेजरांनी विचारलं.

“एसी,” सर्व्हरसाहेब बोलून गेले. “एसीनं दगा दिला.”

शब्द तोंडातून सुटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. एसीच्या देखभालीचं काम त्यांच्या धाकट्या मेहुण्याकडे होतं. बायकोनं गळ घातली म्हणून त्यांनीच शब्द टाकून ते मिळवून दिलं होतं. बिचाऱ्याचं दुकान नवं, बांधलेलं काम हे एवढंच. मॅनेजरांनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला आणि एसीचा दोष निघाला तर आजपासून काम बंद, असं सुनावलं. तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायचं, पण पाहुण्यांसमोर धीर झाला नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही आपण गप्प आहोत याची आणखी लाज वाटत होती.

मेहुणा धापा टाकत आला. एसीसमोर तळहात धरला, हवा बर्फासारखी. मग त्यानं भाऊजींकडे पाहिलं. शर्ट अंगाला चिकटलेला, गुंड्या एक घर चुकलेल्या, पाठीवर जाळीचे चौकोन उमटलेले. तो काय समजायचं ते समजला आणि त्यानं मान खाली घातली.

“माझीच चूक आहे साहेब,” तो मॅनेजरांना म्हणाला. “गॅस कमी पडला असेल. भरून देतो.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सर्व्हरसाहेबांना झालं. बहिणीच्या संसाराला बट्टा नको म्हणून पोरगा स्वतःच्याच पोटावर पाय देत होता. आता बोलायचंच, म्हणून त्यांनी घसा खाकरला. पण त्यांच्याआधी पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या बाई बोलल्या. त्या मघापासून हातातल्या टॅबवर त्याच नोंदी वाचत होत्या.

“समोरून आत जाणारी हवा सकाळपासून थंडच आहे,” त्या म्हणाल्या. “तापलंय ते फक्त मागच्या बाजूला. तेही मागचं दार उघडल्यानंतर. ते दार पुन्हा उघडलं आणि सगळं निवलं. या खोलीची किल्ली कुणाकडे असते?”

सगळे सर्व्हरसाहेबांकडे पाहत होते.

“एसी ठणठणीत आहे,” ते पुटपुटले. “मी शर्ट वाळत घातला होता.”

कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. बाईंनी मात्र गंभीरपणे मान हलवली. जी व्यवस्था बसवणाऱ्यालाही सोडत नाही ती सगळ्या शाखांत बसवायलाच हवी, असं म्हणून त्यांनी मंजुरी दिली. मेहुण्याचं काम टिकलं. मॅनेजर मात्र दिवसभर सर्व्हरसाहेबांशी एक अक्षर बोलले नाहीत.

संध्याकाळी ते घरी आले तर बायको दारातच उभी. डोळे भरलेले.

“भाऊनं फोनवर सांगितलं,” ती म्हणाली. “त्याचं काम जात होतं आणि तुम्ही भरसभेत त्याच्या बाजूनं उभे राहिलात.”

“अगं, त्यानंच मला सांभाळून घेतलं.”

“कधी म्हणून मोठेपणा घ्यायचा नाही तुम्ही.”

“ऐक तरी. चूक माझी होती. सर्व्हरच्या मागे मीच ओला शर्ट वाळत घातला होता.”

बायको पदरानं डोळे पुसता पुसता हसली.

“त्याला वाचवायला असलं काहीतरी अंगावर घेतलंत होय?” ती म्हणाली. “पण लोकांना पटलं तरी कसं? तुमच्यासारखा माणूस असला वेडेपणा करेल का कधी?”

एवढं बोलून ती आत गेली आणि आईला फोन लावून जावयाचं कौतुक सांगू लागली. सर्व्हरसाहेब बाहेर खुर्चीत बसून ते सगळं ऐकत राहिले.