सुताराच्या हाती किल्ली

नव्या मॅनेजरसाहेबांनी दुय्यम स्टोअरकीपरांच्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली, तेव्हा त्यांना आधी वाटलं, ही जपून ठेवायला दिली आहे. त्यांनी पानं फाटलेली नाहीत ना ते पाहिलं आणि पोच लिहून द्यायला कागद शोधू लागले. मग कळलं की ती वाचायची आहे.

पंपांच्या कारखान्याचं ते स्टोअर. वॉशर, बेअरिंगा आणि नटबोल्ट पोटात घेऊन बसलेलं. जुने स्टोअरकीपर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या कमरेच्या किल्ल्या आता कुणाच्या कमरेला लागायच्या, हे साहेब शनिवारी ठरवणार होते. जागा एक आणि उमेदवार दोन, दुय्यम आणि जावक विभागाचे कारकून. दोघांनी ती जुनी सागरी साहसकथा वाचायची आणि तिच्यातलं नेतृत्व आणि विश्वास यांवर साहेबांसमोर बोलायचं.

दुय्यमांना ती जागा मनापासून हवी होती. आजवर ते दुसऱ्याने उघडलेल्या दारातूनच आत जात आले होते. पण विश्वास हा त्यांचा प्रांत नव्हता. लावलेलं कुलूप ओढून पाहायचं, जिना उतरायचा, पुन्हा चढून ओढून पाहायचं. असा खुंटा हलवून बळकट करण्याच्या सवयीमुळे सगळे त्यांना खुंटेकर म्हणत आणि खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पुस्तक उघडलं की त्यांची नजर मजकुरावर न जाता पानांच्या आकड्यांवर जाई, मधला एखादा सुटला तर नाही ना म्हणून.

शेवटी वाचनाचं काम बायकोकडे आलं. "तू वाच आणि रोज जेवताना मला सांग," ते म्हणाले. "पण पदरचं काही घालायचं नाही."

"माझ्या पदरात कुठली आलीत जहाजं," ती म्हणाली.

तिने तो नेमच धरला. दुपारची कामं उरकली की हातपाय धुवायचे, पुस्तक रुमालातून सोडवायचं आणि पोथी वाचावी तसं एक प्रकरण वाचायचं. नेम एकदाही चुकला नाही. पण दुपार ती दुपारच. खिडकीचा पडदा शिडासारखा फुगायचा, पंखा डोलकाठीसारखा कुरकुरायचा, आणि ओळींवरून बोट सरकता सरकता तिचा डोळा लागायचा. गोष्ट मात्र थांबायची नाही. जाग येई तेव्हा पुस्तक छातीवर असे आणि जहाज बरंच पुढे गेलेलं असे. आज पुष्कळ वाचून झालं, म्हणून तिला समाधान वाटे.

एका रात्री तिने पानावर वाढता वाढता सांगितलं की वारा पडलाय, जहाज जागच्या जागी उभं आहे आणि पिण्याचं पाणी आटत चाललंय. पाण्याच्या कोठीची किल्ली कप्तानाच्या गळ्यात आहे. जहाजावरचा सुतार बंड करणार, अशी कुजबुज आहे. म्हणून कप्तान त्यालाच बोलावतो.

"आणि बेड्या घालतो," खुंटेकर म्हणाले.

"नाही हो. गळ्यातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवतो. म्हणतो, बाळा, सांभाळ. आणि जाऊन झोपतो."

खुंटेकरांचा घास हातातच राहिला. "झोपतो?"

"अगदी गाढ. आणि तो सुतार बिचारा कोठीच्या दाराशी बसून राहतो. लुटायला निघालेला माणूस, पण आता राखण करतोय. चंद्र इतका खाली येतो की त्याला वाटतं, हात लावून बघावा. पण किल्ली धरलेली, हात मोकळा कुठंय?"

खुंटेकरांना ते पटलं नाही, पण मनातून जाईना. पुस्तकात नक्की असंच आहे ना, असं त्यांनी आमटी संपेपर्यंत निरनिराळ्या प्रकारे विचारलं.

"अहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली.

वाचलं म्हणाली नाही, पाहिलं म्हणाली. एरवी कुलपाचा कोयंडासुद्धा तपासणाऱ्या माणसाने हा शब्द मात्र तपासला नाही.

शनिवारी अर्धी सुट्टी. भोंगा झाल्यावर साहेबांच्या खोलीत खुंटेकर उभे राहिले आणि त्यांनी सुताराची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. साहेब हालचाल न करता ऐकत होते.

जावकबाबूंनी आपल्या प्रतीचा उपयोग फक्त टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली केला होता. साहेब रंगलेत असं वाटून त्यांनीही उडी घेतली. तो प्रसंग आपल्यालाही फार भिडला, विशेषतः सुतार हुंदके देतो तिथे, असं ते म्हणाले. हुंदके बायको सांगायची विसरली असेल, असं समजून खुंटेकरांनी मागे पडायला नको म्हणून कप्तानाचं घोरणं जोडलं. जावकबाबूंनी शिडात वारा भरला. खुंटेकरांनी चांदीसारखे मासे उडवले. बघता बघता जहाज एका हिरव्या बेटाशी येऊन ठेपलं आणि ते आता तिथून हलवायचं कसं, हे दोघांनाही कळेना.

साहेबांनी चष्मा काढला. हे पुस्तक त्यांनी लहानपणी बांधणी सुटेपर्यंत वाचलं होतं. "कप्तान त्या सुताराला दुसऱ्या प्रकरणातच समुद्रात फेकून देतो," ते म्हणाले.

मग जावकबाबूंनी खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "मग किल्ली?"

"ती कप्तान कुणाला देत नाही. तिच्यासकट बुडतो."

खुंटेकरांनी खाली मान घालून सांगून टाकलं की वाचन घरून झालं आहे. साहेबांनी तिथूनच घरी फोन लावायला सांगितला. पलीकडून नुकत्याच उठलेल्या माणसाचा आवाज आला.

"वहिनी, तो सुताराचा प्रसंग कुठल्या पानावर आहे?" साहेबांनी विचारलं.

बराच वेळ पानं उलटल्याची सळसळ ऐकू आली. "पानावर दिसत नाहीये हो. पण होता तो. उंच होता, डाव्या हाताला फडकं बांधलेलं."

"पुस्तकात तो बुडतो."

"अगंबाई." थोडं थांबून ती म्हणाली, "मग मी पाहिला तेव्हा वर आला असेल."

साहेब हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. ते पुस्तक देऊन देऊन त्यांनी आजवर किती जणांना नेतृत्व शिकवलं होतं, आणि त्याचा शेवट त्यांना स्वतःला कधीच आवडला नव्हता. "पुस्तक न वाचता दुसऱ्याच्या सांगण्यावर तुम्ही एवढी जागा पणाला लावलीत," ते खुंटेकरांना म्हणाले. "म्हणजे विश्वास टाकता येतो तुम्हाला. जागा तुमची. पण अट आहे. सोमवारपर्यंत किल्ल्या जावकबाबूंकडे राहतील, आणि तुम्ही घरी जाऊन झोपायचं. स्टोअरकडे फिरकलात, तर जागा त्यांची."

खुंटेकर घरी येऊन पंख्याखाली पडले आणि छताकडे बघत राहिले. तेवढ्यात दार वाजलं. बायकोने उघडलं, तर जावकबाबू उभे होते, हातात किल्ल्यांची पुरचुंडी.

"वहिनी, मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणाले. "घरी कुठेही ठेवली तरी ही बया माझ्याकडे बघत बसते. घास उतरेना."

त्यांनी पुरचुंडी पुढे केली तसे खुंटेकर भिंतीला टेकले. "माझ्याकडे नको. अट आहे."

शेवटी ती टेबलावर ठेवून दोघं दोन बाजूंना बसले. इतक्यात पुन्हा दार वाजलं. मॅनेजरसाहेब आले होते. "सहज या बाजूला आलो होतो," ते म्हणाले. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "येताना स्टोअरवरून आलो. कुलूप लागलंय."

"ओढून पाहिलंत?" खुंटेकरांना राहवलं नाही.

"दोनदा."

साहेबांविषयी खुंटेकरांच्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला.

"आणा ती माझ्याकडे," असं म्हणून बायकोने पुरचुंडी उचलली, मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. तिघांनीही एकदम श्वास सोडला. साहेबांनी जरा संकोचत विचारलं, "वहिनी, पुढे त्या सुताराचं काय होतं?"

ती सांगू लागली. पहाटे वाऱ्याची एक झुळूक आली. पाणी वरून निळं नि खालून हिरवं दिसायला लागलं. सुताराने हळूच शीळ घातली. पडदा फुगत होता, पंखा कुरकुरत होता. जावकबाबूंची मान आधी कलली. मग साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. खुंटेकर तर चक्क घोरू लागले.

गोष्ट तिथेच थांबवून तिनेही सवयीप्रमाणे डोळे मिटले. मांडीवर काहीतरी किणकिणलं. तिने डोळे उघडले. घसा कोरडा पडला होता, माठ चार पावलांवर होता. पण उठलं तर किल्ल्या वाजणार आणि तिघंही जागे होणार, आणि किल्ल्या ठेवून उठावं, तर कुणाच्या भरवशावर? तिने पुरचुंडी दोन्ही हातांनी धरली आणि माठाकडे बघत बसली. आज काही केल्या तिला झोप येईना.