जाळी पडली का?

आमचे रेणुसे सर घावन आधी उजेडाला धरतात. त्यातून खिडकी दिसली, तरच खातात. माझ्या डब्यातलं एकदा त्यांनी सरळ परत केलं. "बाई, जाळी पडली नाही. यात कोण शिरणार?"

शिरणार म्हणजे पेशी. भोरच्या कॉलेजात सर धाग्यांचं मशीन चालवतात, मी ती प्रयोगशाळा सांभाळते. सुईतून द्रावण येतं, विजेच्या ओढीनं त्याचा केसाहून बारीक धागा होतो आणि समोरच्या पत्र्यावर पांढरा पापुद्रा साचतो. पुण्यातली एक प्रयोगशाळा त्यावर कातडीच्या पेशी वाढवते. पापुद्र्याला जाळी हवी, नाहीतर पेशी वरच बसतात आणि मरतात. आधीच्या खेपांना मेल्याच. ही खेप बिघडली तर काम बंद, असं पुण्यानं कळवलेलं.

त्यात पावसाळा. ओल्या हवेत धागे न सुकताच पडतात, एकमेकांना चिकटतात, जाळी बुजते. सर धास्तावले की त्यांची वेल्ह्याची बोली वर येते. "लई ओल हाय. कसं व्हायचं?" भिंत चाचपायची, खिडकी चाचपायची, मग माझ्या छत्रीकडे रागानं बघायचं. छत्री व्हरांड्यात ठेवली, तर त्यांना व्हरांडाही जवळ वाटला.

एका सकाळी ते रसरशीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन आले. आमच्याकडे पावसाळ्यात शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवतात. सर हवा वाळवणार होते. मी म्हटलं, "सर, द्रावणात स्पिरिट आहे." स्पिरिटजवळ विस्तव नको, हे मुलांना पहिल्याच तासाला तेच बजावतात. सर पांढरेफटक पडले आणि शेगडी उचलून पावसात पळाले. बोटं भाजली.

दुपारी उघडीप मिळाली, पापुद्रा निघाला. तो डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन सर एसटीनं पुण्याला देऊन आले. पुढचे दिवस फोन वाजला की दोघंही दचकायचो.

शेवटी पुण्याचा फोन आला. पेशी आत शिरल्या होत्या, जगल्या होत्या. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "एकमेकींना लागून हायत का? लांब लांब पडल्या तर जगत न्हाईत. शेजार लागतो."

होत्या लागून. त्यांनी फोन ठेवला. मी कुलूप घेतलं. कामथडीला जायची एसटी गाठायची होती. सरांची बायको वारल्यापासून उत्रोलीच्या घरी ते एकटेच असतात. ते स्टुलावरून उठले नाहीत.

"बाई, जरा थांबता? पुन्हा फोन आला तर."

फोन येणार नव्हता. मी कुलूप टेबलावर ठेवलं आणि दुसरं स्टूल ओढलं.