आठ कोंबडे आणि एक शिट्टी

"भर चौकात चारही बाजूंनी गाड्या अंगावर आल्या तरी ज्याने कधी पाऊल मागे घेतलं नाही, त्याला चार पिल्लांची काय पत्रास!"

असं म्हणून हवालदारकाका पिशवी घेऊन निघाले. ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त होऊन बरेच महिने झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यातच होती. आंघोळीच्या वेळी काय ती खुंटीवर जायची! मागच्या अंगणात काकूंच्या सहा कोंबड्या होत्या. त्या म्हाताऱ्या होत चालल्या, म्हणून काकूंना दहा पिल्लं हवी होती.

"अंडी देणारीच आणा हं," काकूंनी दारापर्यंत येऊन बजावलं. "कोंबडा एकही नको."

पिल्लंवाला प्रामाणिक होता. म्हणाला, "एवढ्या वयात नर-मादी मलाही ओळखू येत नाही, साहेब. नशिबावर सोडा."

"नशिबावर? अरे, नुसत्या चालीवरून मी सांगायचो, याच्याकडे लायसन्स आहे की नाही!"

काकांनी रीतसर तपासणी केली. टोपलीवर हात धरला. जी पिल्लं घाबरून कोपऱ्यात पळाली, ती नापास. जी छाती काढून पुढे आली आणि काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली, ती पास. अशी दहा बाणेदार पिल्लं निवडून काका विजयी मुद्रेने घरी परतले.

पिल्लं भराभर वाढली. एका सकाळी गंजलेलं फाटक करकरावं तसा आवाज आला. काकांनी उठून फाटकाच्या बिजागरीत तेल घातलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच! पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी ते तेलाची बाटली घेऊन फाटकाशी पोचले, तर फाटक सताड उघडं आणि करकर मागच्या अंगणातून!

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या फाटकाला तुरा आलाय."

आणि एकालाच नाही. दहांत आठांना!

मग अंगणाची रयाच गेली. एका कोंबडीमागे दोन-दोन कोंबडे धावायचे, आणि मध्येच तिला विसरून एकमेकांच्या उरावर बसायचे. बिचाऱ्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या. एक तर कपडे वाळत घालायच्या बांबूवर जाऊन बसली, ती दाणे खायलाही उतरेना. अंडी बंद झाली. काकू देवापुढे हात जोडायच्या तेव्हा आता आधी त्या सहाजणींसाठी मागायच्या, मग घरासाठी.

शेजारच्या नर्सताईंना रात्रपाळी असायची. त्या सकाळी येऊन झोपायच्या. एक दिवस त्या लालबुंद डोळ्यांनी दारात उभ्या राहिल्या.

"काका, पेशंटला इंजेक्शन देताना मला जांभया येतात. पेशंटच मला म्हणतो, ताई, तुम्ही आडव्या होता का थोडा वेळ!"

"पोरी, कोंबडा म्हटलं की आरवणारच."

"एक आरवला तर मी त्याला गजर समजेन. हा तर ऑर्केस्ट्रा आहे! या आठवड्यात बंदोबस्त करा, नाहीतर मी पालिकेत तक्रार करते."

तक्रार म्हणजे पालिकेची गाडी. ती आली की नर-मादी बघत नसे, अंगणातला प्रत्येक पंख उचलून नेत असे. काकूंचा चेहरा पडला.

"कापून टाकायचे का?" काकांनी भीत भीत विचारलं.

"ज्यांच्यापुढे या हाताने दाणे टाकले, त्यांच्या मानेवर सुरी? माझ्या घरात नाही." काकूंचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे त्यावर अपील नसे. "आणि तुमच्या हुशारीपायी माझ्या कोंबड्या गेल्या, तर चहा तुमचा तुम्ही करायचा."

प्रकरण गंभीर झालं. काका अंगणात स्टूल टाकून बसले. आणि गंमत बघा, वैतागायला बसलेला हा माणूस बघता बघता रमूनच गेला! आरवण्याचा क्रम ठरलेला होता. आधी काळा दांडगा. मग तांबडा. मग उतरत्या भाजणीने बाकीचे. सगळ्यात शेवटी एक किडकिडीत पांढरा, तो आधी सगळ्यांकडे बघून घ्यायचा आणि मगच घाईघाईने उरकायचा. काकांनी काळ्याला 'कमिशनर' नाव दिलं, तांबड्याला 'फौजदार' आणि पांढऱ्याला 'शिपाई'.

"म्हणजे हुकूम वरून सुटतो!" काका स्टुलावरून उठलेच. "कमिशनर गप्प, तर सगळं खातं गप्प!"

कोंबड्याला आरवायला मान ताणावी लागते. काकांनी कमिशनरला बुटक्या टोपलीखाली कोठीच्या खोलीत ठेवलं. तो खरंच गप्प बसला. दुसऱ्या पहाटे काका कान देऊन राहिले. क्षणभर शांतता... आणि फौजदाराने असा काही सूर लावला की खिडकीची तावदानं थरथरली!

"बढती मिळाली हो त्याला," काकू म्हणाल्या.

मग काकांनी कमिशनरला मोकळं केलं आणि शेवटचं अस्त्र काढलं. घराच्या बाजूला एक अरुंद बोळ होता, त्याच्या रस्त्याकडच्या तोंडाशी कमरेएवढं कुंपण आणि अंगणाच्या बाजूला दार. काका बोळात उभे राहिले, एक लांब शिट्टी मारली आणि मूठभर दाणे टाकले. रोज सकाळ-संध्याकाळ. थोड्याच दिवसांत शिट्टी वाजली रे वाजली की आठही जण लढाई सोडून बोळात धावायला लागले! मागून अंगणाकडचं दार लावून घेतलं की झालं. अंगणात कोंबड्या निवांत. आणि नवल म्हणजे बोळात कोंबडेही निवांत. भांडण नाही, आरवणं निम्म्यावर. काका कुंपणावर कोपर टेकून तासन्‌तास बघत राहायचे.

"अगं, कोंबडी समोर नसली की यांना भांडायला विषयच राहत नाही! काय शांतता आहे बघ."

"तुम्हालाही तिथेच पाट मांडू का?" काकूंनी विचारलं.

नर्सताई येऊन सांगून गेल्या, "काका, काल झोप लागली हो!" तक्रार टळली. बांबूवरची कोंबडी खाली उतरली. काकांची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या चौकातला सिग्नल बंद पडला.

सकाळची वेळ. काका चहा पीत होते. चौकातून लांबलचक शिट्टी ऐकू आली. "वा! पोऱ्याच्या छातीत दम आहे," काका कौतुकाने म्हणाले. तेवढ्यात बोळातून फडफड ऐकू आली. कमरेएवढं कुंपण भरल्या पोटी कोणी ओलांडलं नसतं. पण काकांचा चहा आज लांबला होता आणि दाणे पडायचे होते!

काका तसेच बनियन-पायजम्यावर धावले. चौकात नवा तरुण पोलीस उभा, आणि भोवती आठ कोंबडे गोल करून त्याच्या हाताकडे आशेने बघतायत! त्यांना हाकलायला तो शिट्टी मारी, आणि शिट्टी मारली की ते आणखी एक पाऊल जवळ येत. बस, ट्रक, स्कूटर सगळं ठप्प. हॉर्न सुरू झाले. कमिशनरला ते आव्हान वाटलं, त्याने मान ताणली. मग फौजदार. मग क्रमाने सगळे.

"शिट्टी नको मारूस! दाणे टाक, दाणे!" काका ओरडले.

"ड्यूटीवर दाणे कुठून आणू? कोणाचे आहेत हे? बोला, नाहीतर पालिकेची गाडी बोलावतो!"

थांबलेल्या बसच्या खिडकीतून नर्सताई बघत होत्या. अख्खा चौक बघत होता. या चौकात काकांनी उभ्या जन्मात कोंडी होऊ दिली नव्हती. 'माझे नाहीत' म्हटलं असतं तर अब्रू वाचत होती. पण गाडी आली, तर ती इथून घरापर्यंत येणार आणि काकूंच्या सहाजणी जाणार.

"माझे," काका खाली मान घालून म्हणाले. "आठही माझे. शिट्टीही मीच शिकवली."

चौक हसला. तेवढ्यात ट्रकमधून एक बागवाला खाली उतरला.

"शिट्टीवर येतात? सगळे? मला द्या की! झाडांखाली किडे फार झालेत. मला नुसते कोंबडेच हवेत. कोंबड्या ठेवल्या की अंड्यांवर मुंगसं येतात."

"कापणार नाहीस ना?" काकांनी विचारलं. "घरी मला तोंड दाखवायचंय."

"अहो, कामावर ठेवतोय!"

काकांनी ट्रकमध्ये चढून शिट्टी मारली. कमिशनर आधी चढला, शिपाई सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघून. मग काकांनी गळ्यातली शिट्टी काढली, पायजम्याला पुसली आणि बागवाल्याच्या हातात ठेवली.

आता अंगणात अंडी आहेत, शांतता आहे. नर्सताई गाढ झोपतात. चौकातला सिग्नल मात्र अजून बिघडलेलाच आहे.

परवा सकाळी तिथली शिट्टी वाजली, आणि काकू चहा घेऊन आल्या तर खुर्ची रिकामी. त्यांनी हाका मारल्या, शोधलं. काका बोळात उभे होते, मुठीत दाणे घेऊन.

"कोणासाठी हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी मुठीकडे पाहिलं, रिकाम्या बोळाकडे पाहिलं.

"तेच आठवतोय," ते म्हणाले. "शिट्टी वाजली, म्हणून आलो."